पापाबद्दल मन हळवं कसं ठेवायचं: आत टोचतं तेव्हा नेमकं काय करायचं

बायबलमधले १ शमुवेल २४ आणि २ शमुवेल ११ हे दोन अध्याय एका बैठकीत वाचून बघा, दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे पटत नाही. पहिल्यात शौल राजा तीन हजार माणसं घेऊन दावीदाचा जीव घ्यायला निघालाय आणि एन-गेदीच्या गुहेत तो एकटाच दावीदाच्या हाती सापडतो. दावीद त्याला हात लावत नाही, फक्त त्याच्या झग्याचा काठ गुपचूप कापून घेतो, आणि तेवढ्यावरूनच त्याचं मन त्याला खायला लागतं. कापडाच्या एका तुकड्यावरून! आणि दुसऱ्या अध्यायात तोच दावीद, आता राजा झालेला, दुसऱ्याची बायको घेतो, तिच्या नवऱ्याला मारायचा हुकूम चिठ्ठीत लिहून ती चिठ्ठी त्याच नवऱ्याच्या हाती देऊन पाठवतो, मग लग्न, मग मूलही होतं, आणि तोपर्यंत सगळं शांत. नाथान संदेष्टा येऊन समोर उभा राहीपर्यंत कबुलीचा एक शब्द नाही.

मन हळवं असणं म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं की सारखं अपराधी वाटलं पाहिजे, चेहरा पाडून फिरलं पाहिजे. तसं काही नाहीये. आत टोचतं तो क्षण आणि आपण त्यावर काहीतरी करतो तो क्षण, या दोन्हींच्या मधे किती वेळ जातो यावर सगळं अवलंबून आहे. गुहेत दावीदाने तो वेळ लांबू दिला नाही, राजवाड्यात त्याने महिनेच्या महिने जाऊ दिले. पुढे जे सांगतोय ते सगळं हा वेळ कमी कसा करायचा याबद्दलच आहे.

पायरी १: विवेकबुद्धी काय करते आणि काय करत नाही

हे आधी क्लिअर असलेलं बरं, नाहीतर पुढे गोंधळ होतो. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की ज्यांना मोशेचं नियमशास्त्र मिळालं नव्हतं त्यांचीही विवेकबुद्धी साक्ष देते, विचार एकमेकांवर आरोप करतात किंवा बाजू घेतात. म्हणजे ही सोय देवाने सगळ्याच माणसांत ठेवलीये. पण ती साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही, आणि साक्षीदार चुकू शकतो. स्वतः पौलच बघा ना, तो ख्रिस्ती लोकांना तुरुंगात टाकत होता तेव्हा त्याला वाटत होतं की आपण देवाचंच काम करतोय, त्याची विवेकबुद्धी त्याला अजिबात टोचत नव्हती. म्हणूनच नंतर तो करिंथकरांना लिहितो की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे.

याचा सरळ अर्थ असा की ‘मला तर काही चुकीचं वाटत नाही’ हा पुरावा होत नाही. आणि उलट बाजूनेही तसंच, ‘मला फार वाईट वाटतंय’ म्हणजे नक्की पाप झालंच असंही नाही. त्यावर पायरी ७ मधे बोलू.

विवेकबुद्धी जे शिकवू तेच मोजते. त्यामुळे तिला वचन शिकवावं लागतं. रोजचं शास्त्रवाचन करताना ‘यातून आज मला काय आशीर्वाद आहे’ एवढंच विचारत बसलो तर ती उपाशीच राहते. मत्तय ५ ते ७, याकोबाचं पत्र, इफिसकर ४ आणि ५, नीतिसूत्रे, हे भाग वर्षातून निदान काही वेळा हळू वाचावेत, कारण तिथे जीभ, राग, पैसा, नजर, आळस, सगळ्यांची नावं घेऊन बोललंय. आणि वाचताना एखादं वचन लागलं तर तिथेच थांबायचं, त्या दिवसाचा वाचनाचा कोटा पूर्ण झाला नाही तरी चालेल.

इथे एक बाप-लेकाची जोडी बघण्यासारखी आहे. योशीया राजाला २ राजे २२ मधे नियमशास्त्राचं पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा त्याने आपली वस्त्रं फाडली, आणि हुल्दा संदेष्ट्रीच्या तोंडून देव त्याला म्हणाला की तुझं मन कोमल आहे, तू नम्र झालास, म्हणून मी तुझं ऐकलं. त्याचाच मुलगा यहोयाकीम, यिर्मया ३६ मधे, हिवाळ्यात शेगडीसमोर बसलाय, त्याच्यापुढे यिर्मया संदेष्ट्याच्या वचनांची गुंडाळी वाचली जातीये आणि तीन-चार रकाने वाचून झाले की तो तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकतोय, असं करत करत अख्खी गुंडाळी संपवली. आणि शास्त्र मुद्दाम नोंद करतं की कोणीही घाबरलं नाही, कोणीही वस्त्रं फाडली नाहीत. वचन दोघांनीही ऐकलं होतं. आपण गुंडाळ्या जाळत नाही म्हणा, पण चर्चमधला संदेश आपल्यावर यायला लागला की ‘हे अमुक भावाने ऐकायला हवं होतं’ असा विचार येतो ना, तो चाकूच आहे.

पायरी २: मन बोथट व्हायला लागलंय का ते तपासा

बोथट झालेल्या मनाची अडचण अशी की ते स्वतःहून सांगत नाही मी बोथट झालोय म्हणून. त्यामुळे बाहेरची लक्षणं बघावी लागतात.

सगळ्यात ठळक लक्षण माझ्या मते हे, की दुसऱ्याच्या पापावर आपण फार कडक होतो. नाथानाने दावीदाला गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, श्रीमंताने ती हिसकावली म्हणून, आणि दावीद इतका भडकला की ‘तो माणूस मरणाला पात्र आहे, चौपट भरून दे’ असं म्हणून मोकळा झाला. चौपट हे नियमशास्त्राचं कलम त्याला बरोबर आठवत होतं! म्हणजे विवेकबुद्धी चालू होती, फक्त तिचं तोंड बाहेरच्या बाजूला फिरलेलं होतं. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कोणाबद्दल तरी तुम्हाला सतत संताप येतोय, त्याच्या चुका तोंडपाठ झाल्यात, तर जरा थांबून स्वतःकडे बघायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे शब्द बदलतात. खोटं बोललो याचं ‘ॲडजस्ट केलं’ होतं, चहाडीचं ‘प्रार्थनेसाठी सांगतोय हं’ होतं, लोभाचं ‘फॅमिलीसाठी करतोय’ होतं. तिसरं, पूर्वी जे बघून चॅनल बदलायचो त्यावर आता हसतो. चौथं, प्रार्थना लांबते पण त्यात पापाचा उल्लेख एकदम जनरल होतो, ‘प्रभू आमच्या चुका माफ कर’, आणि पुढच्या विषयाकडे. आणि एकटेपणात काय करतो ते लपवायला वेळ जायला लागतो, मोबाईलची हिस्टरी डिलीट करणं, बिल घरी न दाखवणं, कोणी खोलीत आलं की स्क्रीन फिरवणं वगैरे.

यातलं एखादं लक्षण सापडलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. लक्षण दिसलं याचाच अर्थ आत अजून धुगधुगी आहे.

पायरी ३: टोचलं की त्याच तासात उत्तर द्या

हा या लेखातला मुख्य भाग आहे म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

प्रेषितांची कृत्ये २४ मधे पौल फेलिक्स सुभेदारासमोर उभा आहे. तिथे तो म्हणतो की देवासमोर आणि माणसांसमोर माझी विवेकबुद्धी शुद्ध राहावी म्हणून मी सतत झटतो, म्हणजे आपोआप राहत नाही, मेहनत घ्यावी लागते. मग काही दिवसांनी फेलिक्स त्याला परत बोलावतो, पौल नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यावर बोलतो आणि फेलिक्स घाबरतो. खरंच घाबरतो! आणि म्हणतो काय, ‘आता जा, सवड मिळाली की बोलावीन.’ त्यानंतर त्याने पौलाला पुष्कळदा बोलावलं, पण का, तर काहीतरी पैसे मिळतील या आशेने. दोन वर्षं गेली, फेलिक्सची बदली झाली, पौल तुरुंगातच राहिला, आणि फेलिक्स पुन्हा घाबरल्याचा उल्लेख कुठेही नाही. एकाच अध्यायात ही दोन माणसं आहेत, एक रोज झटणारा आणि एक सवड बघणारा.

आपली सवड कशी असते? ‘रात्री प्रार्थनेत बोलू’, ‘रविवारी प्रभुभोजनाच्या आधी बघू’, ‘आत्ता मूड नाही’. आणि रात्रीपर्यंत ती गोष्ट अर्धी विसरलेली असते, उरलेल्या अर्ध्याला कारण सापडलेलं असतं.

तर करायचं काय ते सांगतो. समजा तुम्ही अजून घरीच आहात आणि फोनवर कोणीतरी विचारलं ‘कुठे पोहोचलास?’ आणि तोंडातून निघून गेलं, ‘निघालोय, रस्त्यातच आहे.’ फोन ठेवला आणि आत बारीकसं टोचलं. एवढंसंच, सुईच्या टोकाएवढं. आता इथे दोन सेकंदांत मन तीन-चार वाक्यं पुरवतं: सगळेच असं बोलतात, त्याचं काय नुकसान झालं, दहा मिनिटांत निघणारच आहे, एवढ्यातेवढ्यावरून काय. ही वाक्यं यायला लागली की ओळखायचं की टोचणी खरी होती, कारण जिथे काही घडलेलंच नसतं तिथे वकील लागत नाही.

मग आधी त्या गोष्टीला तिच्या नावाने हाक मारायची, मनातल्या मनात का होईना: ‘प्रभू, मी आत्ता खोटं बोललो.’ गैरसमज नाही, गडबड नाही, खोटं. लगेच पुढचं वाक्य: ‘येशूच्या रक्ताने मला शुद्ध कर.’ १ योहान १:९ मधे म्हटलंय की आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो आणि शुद्ध करतो. इथे ‘न्यायी’ हा शब्द मला फार आधार देतो, कारण क्षमा करणं हा देवाचा त्या दिवसाचा मूड नाही, किंमत भरून झालेली आहे म्हणून क्षमा न्यायाने मिळते. आणि मग जे सुधारता येतं ते लगेच सुधारायचं, म्हणजे फोन उचलायचा, मेसेज टाकायचा: ‘अरे सॉरी, मी निघालोय म्हणालो ते खरं नव्हतं, अजून घरीच आहे, पंधरा मिनिटं लागतील.’

हे टाईप करताना बोट अडखळतं. सेंड दाबायच्या आधी वाटतं किती बावळटपणा आहे, समोरचा हसेल. हसू दे. मोठ्या खोट्याच्या वेळी जीभ आवरणारं मन याच वाक्यात तयार होतं. आणि एक प्रॅक्टिकल फायदा सांगतो, असे दोन-तीन मेसेज पाठवायला लागले की पुढच्या वेळी तोंड उघडायच्या आधीच टोचतं, कारण मनाला कळतं की नंतर हे निस्तरायला लावणार आहेत.

पायरी ४: रात्रीची झडती, पण छोटी

त्याच तासातलं सुटतं ते रात्री पकडायचं. हे काही नवीन नाही, सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी ‘आत्मिक साधना’ नावाचं जे पुस्तक केलं आणि ज्याला १५४८ मधे पोपची मान्यता मिळाली त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत दिलीये, आणि ती सुरू होते उपकार मानण्यापासून. आधी देवाचे आभार, मग पाप दाखव अशी विनंती, मग दिवसाची उजळणी, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. तुम्ही प्रॉटेस्टंट असाल आणि हे आपलं नाही असं वाटत असेल तर स्तोत्र १३९ चा शेवट घ्या, ‘हे देवा, माझी झडती घे’, भावार्थ तोच.

आभारापासून सुरुवात करायचं कारण असं की ज्याने दिवसभर सांभाळलं त्याच्यासमोर उभं राहून पाप बघितलं तर लाज वाटते पण पळून जावंसं वाटत नाही. थेट पापापासून सुरू केलं तर एकतर आपण स्वतःला झोडपतो नाहीतर कंटाळून झोपतो.

दहा मिनिटं पुरेत, जास्त नको. दिवस सकाळपासून क्रमाने डोळ्यापुढे आणायचा: कोणाकोणाशी बोललो, कुठे आवाज चढला, कुठे पैसे हाताळले, एकटा असताना फोनवर काय बघितलं, काय करायला हवं होतं आणि केलं नाही. हे शेवटचं आपण नेहमी विसरतो. याकोब ४:१७ मधे सरळ लिहिलंय की चांगलं करणं कळत असून जो करत नाही त्याचं ते पाप आहे. कोणीतरी आजारी आहे माहीत होतं, फोन केला नाही, हे डायरीत येतच नाही कारण ते ‘घडलेलं’ नसतं.

लिहून ठेवायचं का? काही जणांना फायदा होतो, पण पापांची वही जपून ठेवू नका. लिहिलं, कबूल केलं, पान फाडून टाकलं. देव ज्याचा हिशोब मिटवतो त्याची आपण फाईल का बनवायची.

पायरी ५: माणसाकडे जावं लागतं तिथे जा

देवाकडे कबुली दिली की काम झालं असं समजून बरेच जण इथे थांबतात. पण मत्तय ५:२३-२४ मधे प्रभू म्हणतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. उपासना अर्धवट सोडून जायला सांगितलंय, बघा.

माफी मागताना वाक्य कसं असतं त्याने फरक पडतो. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे, ती समोरच्याच्या हळवेपणाची तक्रार आहे. ‘मी तुझ्याबद्दल त्यांच्यासमोर असं असं बोललो, ते चुकीचं होतं, मला क्षमा कर’ ही माफी. यात ‘पण’ येऊ द्यायचा नाही. शौल राजाची कबुली १ शमुवेल १५ मधे वाचा, आधी म्हणतो मी आज्ञा पाळली, मग म्हणतो लोकांनी चांगली गुरं राखून ठेवली, मग शेवटी ‘मी पाप केलंय’ म्हणतो आणि त्याच दमात ‘पण लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख’. दावीदाने नाथानाला दिलेलं उत्तर एका वाक्याचं आहे: मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं. राज्याचा ताण नाही, ती बाई गच्चीवरून दिसली म्हणून असंही नाही.

पैशाचं किंवा वस्तूचं नुकसान केलं असेल तर ते परत करायचं. लेवीय ६ मधे नियम आहे, मूळ रक्कम पूर्ण आणि वर पाचवा हिस्सा. लूक १९ मधला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला. ऑफिसच्या खर्चात जास्तीचं बिल लावलं असेल तर ‘पुढच्या वेळी लावणार नाही’ एवढं पुरत नाही, ते पैसे परत जायला हवेत. नोकरीला धोका असेल, कायद्याचा प्रश्न असेल, तर आधी समजूतदार पाळकाशी (पास्टरशी) आणि गरज पडली तर वकिलाशी बोला, पण बोलणं टाळण्यासाठी ते कारण वापरू नका.

एक सावधगिरी. मनातले सगळे विचार जाऊन ज्याच्या त्याच्यापुढे कबूल करायचे नसतात. तुम्हाला कोणाचा हेवा वाटत होता आणि त्याला ते माहीतही नव्हतं, तर ते देवापाशी मिटवा. त्याला सांगून तुम्ही मोकळे व्हाल आणि तो बिचारा वर्षभर विचार करत बसेल. जेवढ्यांना पापाचा धक्का लागला, कबुली तेवढ्यांपर्यंत न्यायची, हा अंदाज बरा पडतो.

पायरी ६: एक माणूस असा ठेवा जो विचारू शकेल

इब्री ३:१३ म्हणतं की पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये म्हणून ‘आज’ म्हटलं जातं तोवर रोज एकमेकांना बोध करा. कठीण होण्यावर शास्त्राने दिलेला उपाय माणूस आहे, आणि तोही रोजचा. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ ला छोट्या गटांसाठी नियम लिहिले, आठवड्यातून एकदा भेटायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, त्यातला पहिला प्रश्न होता की मागच्या भेटीनंतर तुम्ही कोणती जाणूनबुजून पापं केलीत. हॅलो, कसे आहात वगैरे नाही, थेट. आणि गटात घ्यायच्या आधी विचारायचे की तुमचे दोष तुम्हाला सांगितलेले चालतील का.

एवढं कडक जमणार नसेल तरी एक माणूस शोधा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. जो ऐकून हादरत नाही आणि ऐकून हसतही नाही, ज्याच्या तोंडून इतरांच्या गोष्टी तुम्ही कधी ऐकल्या नाहीत (ही कसोटी सगळ्यात महत्त्वाची, जो दुसऱ्यांचं तुम्हाला सांगतो तो तुमचं दुसऱ्यांना सांगणारच). त्याला एकच प्रश्न विचारायची परवानगी द्या, जो तुम्हाला सगळ्यात नकोसा वाटतो. नवरा-बायकोत हे होत असेल तर उत्तमच, पण सगळा भार जोडीदारावर टाकू नका.

पायरी ७: खोटी टोचणी ओळखा

आता उलटी बाजू. काही जण हा लेख वाचून आधीच घाबरले असतील, कारण त्यांचं मन दिवसभर टोचतच असतं. पुढे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली द्यायचा आणि बाहेर पडला की आणखी काही आठवून परत यायचा, त्याचा वरिष्ठ श्टाउपित्स अक्षरशः वैतागायचा आणि त्याला ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला सांगायचा. वर ज्यांचं नाव घेतलं ते इग्नेशियससुद्धा स्पेनमधल्या मन्रेसाला असताना जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करण्याच्या चक्रात इतके अडकले की जीव द्यायचे विचार यायला लागले, आणि शेवटी त्यांनी ठरवलं की जी पापं कबूल झालीत ती परत उघडायची नाहीत. तिथून सुटका झाली.

फरक कसा ओळखायचा? पवित्र आत्मा पाप दाखवतो तेव्हा ते नेमकं असतं: हे बोललास, याच्याशी, अमुक वेळी. आणि त्यावर करायला काहीतरी असतं, आणि केल्यावर वाट ख्रिस्ताकडे जाते. खोटी टोचणी धुक्यासारखी असते, ‘तू वाईटच आहेस, तुझं काही खरं नाही’, विचारलं नक्की काय केलं तर उत्तर नाही, आणि कबूल करूनही ती तिथेच. प्रकटीकरण १२:१० मधे सैतानाला बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा म्हटलंय, रात्रंदिवस, म्हणजे त्याला कबुली नकोच आहे. येशूला नाकारणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहूदा इस्कर्योत, येशूला पकडल्यानंतर दोघेही कोसळले, दोघांनाही पस्तावा झाला, पण यहूदा याजकांकडे गेला आणि तिथून गळफासाकडे, पेत्र रडला आणि नंतर प्रभू किनाऱ्यावर दिसल्यावर होडीतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. २ करिंथ ७:१० मधलं देवाला आवडणारं दुःख आणि जगाचं दुःख म्हणतात ते हेच.

तुमचं मन असं फिरत असेल तर वरची रात्रीची झडती तुम्ही काही काळ बंदच ठेवा, खरंच सांगतोय. त्याऐवजी १ योहान ३:२० घ्या, आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. आणि एकच पाप शंभरदा कबूल केल्याशिवाय, एकच प्रार्थना ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, त्यात तासच्या तास जातात, झोप उडते, असं होत असेल तर पाळकासोबत मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही भेटा. हा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत, विश्वास कमी पडला असा त्याचा अर्थ नाही.

पायरी ८: आपलं हळवेपण दुसऱ्याच्या डोक्यावर मारू नका

हे थोडक्यात. १ करिंथ ८ मधे मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यावरून आणि रोमकर १४ मधे काय खावं, कोणता दिवस पाळावा यावरून वाद आहे, एकाला खाताना काही वाटत नाही, दुसऱ्याचं मन दुखतं. पौल दोघांनाही आवरतो. ज्याला चालतं त्याने दुर्बळ भावाला मनाविरुद्ध ओढायचं नाही आणि ज्याला चालत नाही त्याने दुसऱ्याचा न्याय करायचा नाही. शास्त्राने जे पाप म्हटलंय ते सगळ्यांसाठी पाप, पण सिनेमा, कपडे, संगीत यातल्या कितीतरी गोष्टींत तुमचं मन तुम्हाला अडवतं तर तुम्ही थांबा, तो तुमच्यापुरता नियम. शेजाऱ्याने का थांबलं नाही हे विचारत बसलं की आपण परत नाथानासमोरचा दावीद होतो.

पायरी ९: आधीच बोथट झालं असेल तर

१ तीमथ्य ४:२ मधे डाग दिलेल्या विवेकबुद्धीबद्दल वाचून काही जण म्हणतात, माझं तसंच झालंय, आता काही वाटतच नाही. काही वाटत नाही याचं तुम्हाला वाटतंय ना, मग सुरुवात करता येईल. यहेज्केल ३६:२६ मधे दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय देईन हे वचन देवाने दिलंय, ते आपल्याच्याने तयार होत नाही, मागून घ्यायचं असतं.

मागून झालं की रडू यायची वाट बघू नका. भावना नंतर येतात, कधी कधी बऱ्याच उशिरा. स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा, दावीदाचे शब्द उसने घ्या. मग आठवेल ती सगळ्यात जुनी गोष्ट घ्या, जिच्याबद्दल एके काळी टोचलं होतं आणि तुम्ही ‘नंतर’ म्हणाला होतात. सगळी यादी नको, ती एकच. त्यात ज्याची माफी मागायची त्याची मागा, जे परत करायचं ते करा. परिणाम लगेच गोड होतील असं नाही, दावीदाला नाथानाने त्याच भेटीत क्षमाही सांगितली आणि मूल वाचणार नाही हेही सांगितलं. ती एक गोष्ट मिटली की दुसरी स्वतःहून आठवते, आणि साधारण तेव्हाच रोजच्या बारीक टोचण्या परत जाणवायला लागतात.

जिचं देणं होतं ती व्यक्ती आता हयात नसेल किंवा सापडत नसेल तर काय, हे हमखास विचारलं जातं. गणना ५:८ मधे याची सोय आहे, भरपाई घ्यायला कोणी नातलगही नसेल तर ती परमेश्वराला द्यायची, म्हणजे याजकाकडे. तर आधी वारस शोधा, मुलं-नातवंडं कोणी असतील तर त्यांना द्या आणि कशाचे पैसे आहेत तेही सांगा. कोणीच नसेल तर तेवढी रक्कम मंडळीच्या कामाला किंवा एखाद्या गरजूला गुपचूप द्या, पावतीवर नाव नको, आणि तो विषय देवापाशी मिटला असं समजून परत उघडू नका.